चौघं, तीन शहरं, एक श्टुटगार्ट आणि एक को-ऑप शूटर: पीसी की कन्सोल, प्रकल्प नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

प्रकल्प सुरू. उद्देश आधीच लिहून ठेवतो म्हणजे पुढे भरकटायला नको: आम्ही चौघांनी आठवड्यातून एक रात्र एकत्र एक को-ऑप शूटर, म्हणजे एकाच बाजूने मिळून खेळायचा गोळीबाराचा गेम, खेळायचा, आणि त्यासाठी मी पीसी घ्यायचा की कन्सोल ते ठरवायचं. चौघं म्हणजे मी पुण्यात, मामेभाऊ नाशिकला, कॉलेजचा मित्र कोल्हापूरला आणि ताई जर्मनीत श्टुटगार्टला. भाऊबीजेला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा ताईनेच विषय काढला, की आपण फोनवर फक्त तब्येत आणि हवामान बोलतो, सुट्टीत मामाकडे एका कॉम्प्युटरवर आलटून पालटून खेळायचो तेव्हा किती बडबड व्हायची. मला हे मनापासून पटलं. सोबत काहीतरी करत असताना जे बोलणं निघतं ते नुसता कॉल लावून निघत नाही.

आत्ता कोणाकडे काय आहे: मामेभावाकडे पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५ कन्सोल. ताईकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप. कोल्हापूरच्या मित्राकडे जुना पीसी, चौथ्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि साधी हार्ड डिस्क. माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप, त्यावर काही टाकायची परवानगी नाही, म्हणजे मी शून्यापासून. घरून काम करायला घेतलेला २४ इंची १०८०पी मॉनिटर मात्र आहे, तो दोन्हीकडे चालेल.

बजेट पंच्याहत्तर हजार. यात मशीन, गेम, पहिल्या वर्षाची सबस्क्रिप्शन असेल तर ती, हेडसेट, सगळं आलं.

२ नोव्हेंबर, रविवार

मशीन बघायच्या आधी गेम बघायला बसलो आणि हेच बरोबर आहे असं आता वाटतंय, कारण को-ऑपमध्ये सगळ्यात पहिला प्रश्न ग्राफिक्सचा नसून क्रॉसप्लेचा आहे. म्हणजे पीसीवाला आणि पीएस५वाला एकाच मिशनमध्ये येऊ शकतात का. गेमचं नाव तेच असलं तरी आतमध्ये भिंती असतात.

डीप रॉक गॅलॅक्टिक मला फार आवडतो, चार बुटके खाणकामगार, दर वेळी नवीन गुहा, आख्खी गुहा खोदता येते, आणि ड्रिलर, इंजिनिअर, गनर, स्काउट असे चार रोल एकमेकांवर इतके अवलंबून की कोणी एकटा हिरो होऊच शकत नाही. मशीनही फार लागत नाही, कोल्हापूरच्या पीसीवर आरामात चालेल. पण स्टीम, म्हणजे पीसीवरचं गेमचं ऑनलाइन दुकान, त्यावरचा डीप रॉक फक्त स्टीमवाल्यांशी जुळतो, एक्सबॉक्सवरचा मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या पीसीवाल्यांशी, आणि प्लेस्टेशनवर जो जानेवारी २०२२ मध्ये आला तो प्लेस्टेशनपुरताच. म्हणजे मामेभाऊ बाहेर. मामेभावाला बाहेर ठेवून हा प्रकल्प करण्यात अर्थ नाही, सगळ्यात उत्साही तोच आहे.

लेफ्ट ४ डेड २, २००९ चा, अजूनही को-ऑपचं व्याकरण म्हणावं असा गेम, कोणत्याही डबड्यावर चालतो, पण प्लेस्टेशनवर तो नाहीच. पुन्हा मामेभाऊ बाहेर. स्पेस मरीन २ दिसायला जबरदस्त आहे, ऑपरेशन्स मोडला क्रॉसप्लेही आहे, पण तिघांचाच स्क्वॉड. आम्ही चौघं. खोडला.

राहिला हेलडायव्हर्स २. स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेड स्टुडिओचा, ८ फेब्रुवारी २०२४ ला पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला, आणि या वर्षी २६ ऑगस्टला एक्सबॉक्सवरही आला. चार जणांचा स्क्वॉड, तिन्हीकडे क्रॉसप्ले, फ्रेंडली फायर कायम चालू, म्हणजे आपलीच गोळी आपल्याच माणसाला लागते. यादीतला हा एकच गेम चौघांना एकत्र आणतोय. ठरला.

एक गोष्ट लाल पेनने: यात क्रॉस-प्रोग्रेशन नाही. पीएस५ वर कमावलेली लेव्हल, शस्त्रं, काहीच पीसीवर येत नाही. आज जे मशीन घेईन त्याच्यावरच राहायचं, म्हणून घाई नको.

९ नोव्हेंबर, रविवार

नाशिकला जाऊन आलो, मामीच्या हातचं जेवण झालं आणि मग दुपारभर मामेभावाच्या पीएस५ वर बसलो. मी आयुष्यभर माउस-कीबोर्डवाला, कंट्रोलरवर नेम लागेल का ही माझी मुख्य शंका होती.

नेम माउसवर चांगला लागतो यात वादच नाही. पण हे माणसांविरुद्ध खेळायचं नाहीये, किडे आणि रोबॉट यांच्याविरुद्ध आहे, समोरचा माउसवाला मला धुऊन काढेल ही भीतीच नाही. माउसवाला माझ्या बाजूने आहे. उलट तो लांबचे टिपेल, मी जवळचे सांभाळीन, मशीनगन, आगफेक्या, ग्रेनेड लाँचर घेऊन. अर्ध्या तासात हाताला सवय झाली.

खरी गंमत स्ट्रॅटेजममध्ये आहे. बॉम्ब, दारूगोळा, मेलेल्या जोडीदाराला परत बोलावणं, हे सगळं दिशांचे कोड दाबून मागवायचं. रीइन्फोर्सचा कोड वर, खाली, उजवी, डावी, वर. पाचशे किलोचा बॉम्ब वर, उजवी, खाली, खाली, खाली. कंट्रोलरवर हे डी-पॅडवर, म्हणजे डावीकडच्या दिशांच्या बटणांवर, दाबायचं, आणि डाव्या अंगठ्याला डी-पॅड आणि चालायची स्टिक दोन्ही सांभाळायची असल्यामुळे कोड दाबताना माणूस जागेवर उभा राहतो. मागून किड्यांची झुंड येतीये आणि तुम्ही उभे. पीसीवर मूळ सेटिंगमध्ये तेच, चालायच्या डब्ल्यूएएसडी बटणांवरच कोड असल्यामुळे पाय थांबतात, पण कोड बाणांच्या बटणांवर टाकून घेतला की डावा हात पळत राहतो आणि उजवा हात कोड दाबतो, फक्त तेवढा वेळ नेम सुटतो. पीसीचा हा खरा फायदा, आणि मशीनच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नाही.

तरीही मला कंट्रोलरवरचं ते थांबणं आवडलं. कोणीतरी थांबतो म्हणून बाकीच्यांना त्याला कव्हर द्यावं लागतं. मामेभाऊ पूर्ण वेळ ओरडत होता, "दादा तू कोड मार, मी बघतो मागं". मला हवं होतं ते हेच.

गेम परफॉर्मन्स मोडला ठेवायचा, सेकंदाला ६० फ्रेम. क्वालिटी मोड ३० चा आहे, चित्र छान पण शूटरला नको.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पीसीचा हिशोब. ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईला गेलो होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून कोटेशन लिहून आणलं होतं: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ५०६०, एक टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मिळून सदुसष्ट हजार. कीबोर्ड माउस वेगळे. बजेटमध्ये बसत होतं आणि मनातून माझा कल पीसीकडेच होता हे इथे स्पष्ट लिहितो.

आज त्याच दुकानाला फोन केला तर रॅमची किंमत दुपटीच्या पुढे गेलेली, एसएसडीही चढलेली. दुकानदार म्हणाला साहेब आजचा भाव आजच, उद्याचं मी सांगू शकत नाही. हे एका दुकानाचं नाही, जगभर हेच चाललंय, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय आणि घरच्या पीसीसाठी उरतं ते महाग.

बुधवारी स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम मशीन जाहीर केलं, टीव्हीखाली ठेवायचा छोटा डबा, १६ जीबी रॅम, ८ जीबी व्हीरॅम, २०२६ च्या सुरुवातीला येणार म्हणतात, किंमत सांगितलेली नाही. मित्राने लगेच लिंक पाठवली, थांबूया का म्हणून. पण व्हॉल्व्ह आपलं हार्डवेअर भारतात अधिकृतपणे विकतच नाही, स्टीम डेकसुद्धा इथे बाहेरून आणलेलाच मिळतो, चढ्या भावाने आणि वॉरंटीचा भरवसा नसताना. त्यासाठी चौघांना ताटकळत ठेवणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पीएस५ चा हिशोब. स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलं तेव्हा डिस्कवालं ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० ला होतं, सेलमध्ये कमी होतं. त्यावर पीएस प्लस, कारण प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर सबस्क्रिप्शन लागतं, वर्षाला काही हजार. पीसीवर स्टीमला हा खर्च नाही. पाच वर्षं धरली तर ही रक्कम छोटी नाही, कन्सोल स्वस्त म्हणणाऱ्यांनी हे मिळवूनच बोलावं.

गेम परत करण्यातही फरक. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. प्लेस्टेशनवर १४ दिवस खरे पण डाउनलोड सुरू केला की संपलं. आमच्यासारख्यांना, ज्यांना माहीत नाही की जुन्या पीसीवर चालेल की नाही, स्टीमचा नियम फार मोलाचा आहे. म्हणजे निदान मित्राने तरी निर्धास्त घेऊन बघावा.

ताईचा एक मुद्दा, तो नीट नोंदवायला हवा. हेलडायव्हर्स २ पीसीवर एनप्रोटेक्ट गेमगार्ड नावाचा अँटीचीट, म्हणजे चीटिंग पकडणारा प्रोग्राम, घेऊन येतो आणि तो कर्नल लेव्हलला चालतो, म्हणजे विंडोजच्या सगळ्यात आतल्या थरात. ती म्हणाली, "अरे याच लॅपटॉपवर माझं बँकेचं सगळं असतं." तिचं म्हणणं योग्य आहे. जिथे माणसाविरुद्ध माणूस नाही तिथे एवढा खोल पहारा कशाला हे मलाही कळलेलं नाही. तिने शेवटी मार्ग काढला, बँकेचं काम टॅबवर नेलं आणि लॅपटॉप गेमला ठेवला. कन्सोलवर हा प्रश्नच येत नाही. माझ्या वहीत कन्सोलच्या बाजूला हे एक ठळक टिक.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद मोठी होणार, कारण खरा अडथळा इथे निघाला आणि तो ना पीसीचा आहे ना कन्सोलचा.

हा गेम मिशन चालू असताना पीअर टू पीअर आहे, म्हणजे चौघांची मशीनं एकमेकांशी थेट बोलतात. कंपनीचे सर्व्हर जोड्या लावून द्यायला आणि बाकी हिशोब ठेवायला. त्यामुळे चौघांच्या घरचं इंटरनेट एकमेकांना दार उघडतं का हे महत्त्वाचं. मामेभावाच्या पीएस५ वर नेटवर्क टेस्ट केली होती तेव्हा नॅट टाइप २ आला होता, म्हणजे ठीक. कोल्हापूरच्या मित्राकडे तपासलं तर राउटरवर दिसणारा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, वेगळा आणि बाहेर दिसणारा वेगळा. म्हणजे सीजीनॅट. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत म्हणून शेकडो घरांना मिळून एक पत्ता देतात, बाहेरून कोणी त्या पत्त्यावर आलं तर कोणत्या घरात जायचं ते कळतच नाही. सोसायटीला एकच पोस्टाची पेटी आणि त्यावर फ्लॅट नंबर नाही, तसं. अशा वेळी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, उपयोग नाही, कारण अडवणारा राउटर तुमच्या घरात नाहीचे. माझ्याकडेही तपासलं. सीजीनॅटच.

एक घर असं असेल तर बहुतेक वेळा जमून जातं, समोरचं दार उघडं असलं की झालं. दोन घरं अशी असली की एकमेकांना भेटणं अवघड, आणि प्लेस्टेशनवर तो नॅट टाइप ३ म्हणून दिसतो, एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट म्हणून, पीसीवर तर काहीच न दिसता नुसतं कनेक्ट व्हायचं थांबतं. म्हणजे पीसी घेतला असता आणि चाललं नसतं तर दोष मशीनला दिला असता.

उपाय दोन होते. सर्व्हिस देणाऱ्याकडून महिन्याला थोडे जास्त पैसे देऊन स्वतंत्र पब्लिक आयपी घेणं, किंवा दुसरं कनेक्शन. मी पब्लिक आयपी मागितला, फोनवर पहिल्या माणसाला ते काय असतं तेच माहीत नव्हतं, मग इंजिनिअरचा नंबर मिळाला आणि त्याने संध्याकाळपर्यंत करून दिलं. मित्राने घेतला नाही, गरज नाही, चौघांत निदान तिघांची दारं उघडी असली की पुरतं असा आमचा अंदाज, खेळून कळेल.

जर्मनीचं अंतर आहेच. ताईशी पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास येतो. एकमेकांविरुद्धच्या शूटरमध्ये हा पिंग म्हणजे हरायची हमी, इथे किडा तुमच्या स्क्रीनवर मेला की पुरे, त्रास फारसा जाणवू नये. वेळ मात्र नीट बसते, हिवाळ्यात ती साडेचार तास मागे, आपले रात्री साडेनऊ म्हणजे तिचे संध्याकाळचे पाच.

३ डिसेंबर, बुधवार

मोठी बातमी, आणि ती मित्रासाठी आहे.

आत्तापर्यंत हेलडायव्हर्स २ पीसीवर दीडशे जीबीच्या वर गेला होता आणि कन्सोलवर तोच गेम पस्तीसच्या आसपास. कारण असं की हार्ड डिस्कवाल्यांना लोडिंगला वेळ लागू नये म्हणून तोच डेटा परत परत साठवून ठेवला होता, डिस्कचं हेड इकडून तिकडे फिरायला नको म्हणून. काल अ‍ॅरोहेडने जाहीर केलं की निक्सेस या स्टुडिओच्या मदतीने त्यांनी ही पुनरावृत्ती काढली, १५४ जीबीचा गेम २३ वर आला. आणि मोजल्यावर कळलं की लोडिंगचा बराचसा वेळ नकाशा तयार करण्यात जातो, डिस्क वाचण्यात नाही, त्यामुळे हार्ड डिस्कवरही काही सेकंदांचाच फरक पडतो. सध्या स्टीममध्ये बीटा म्हणून निवडावं लागतं.

मित्राकडे आधी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "भावा, दीडशे जीबी म्हणजे माझी आख्खी डिस्क की रं, पोरीचे फोटो कुठं ठिवू?" आता त्याच्यासाठी २४० जीबीची साधी साटा एसएसडी पुरेल. जुनी डीडीआर३ रॅम सेकंडहँड अजून स्वस्त मिळते, तीही आठची सोळा करायची. हे दोन्ही माझ्या बजेटमधून, त्याला सांगून ठेवलंय, आढेवेढे घ्यायचे नाहीत.

प्रोसेसरचं काही करता येणार नाही. गेमची किमान मागणी आय७-४७९०के आणि १०५० टीआय आहे, कार्ड बसतंय, प्रोसेसर थोडा खाली. विंडोज ११ या पीसीवर अधिकृतपणे येत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपलाय, म्हणून त्याने सिक्युरिटी अपडेटची मुदतवाढ घेतली. पीसी जुना झाला की पार्ट बदलता येतात असं म्हणतात, ते एका मर्यादेपर्यंतच, पुढे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदलावं लागतं, म्हणजे नवीनच.

६ डिसेंबर, शनिवार

निर्णय: पीएस५ स्लिम, डिस्कवाला. सेल संपायच्या आत काल ऑर्डर केला.

कारणं माझ्या शब्दात. क्रॉसप्ले असल्यामुळे ग्रुपच्या दृष्टीने दोन्ही सारखे. मग उरतो तो पैसा आणि भरवसा. रॅमचे भाव उतरायची चिन्हं नाहीत, याच आठवड्यात मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. पीसीचं नवीन कोटेशन बजेटच्या वर गेलंय. आणि सगळ्यात मोठं, पीएस५ घेतला तर मित्राची एसएसडी, रॅम आणि माझा हेडसेट बजेटमध्ये बसतात, पीसी घेतला तर नाही बसत. को-ऑपमध्ये चौघांतलं सगळ्यात कमजोर मशीन सुधारण्यात गेलेला पैसा माझ्या मशीनवर जास्तीच्या फ्रेम घेण्यापेक्षा कितीतरी चांगला गेला असं मी मानतो.

गमावलं काय तेही लिहितो. मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल, गेले. माउस गेला. ताई आणि मित्रासोबत डीप रॉक गेला, आणि हे मला खरंच लागलंय.

१३ डिसेंबर, शनिवार

मशीन आलं, जोडलं. मॉनिटरला एचडीएमआयने १०८०पी, ६० हर्ट्झ, पुरेसं.

काही उपयोगाच्या गोष्टी. पीएस५ ला ब्लूटूथ हेडफोन थेट लागत नाहीत, साधा ३.५ मिमीचा वायरवाला हेडसेट कंट्रोलरला लावायचा, आवाज स्वच्छ. वायफायऐवजी लॅनची केबल टाकली. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते आणि मधेच बंद झालं की पुढच्या वेळी पीएस५ स्टोरेज तपासत बसतो, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस, त्यावर पीएस५, मॉनिटर आणि राउटर. खेळताना पीएस५ साधारण दोनशे वॉट घेतो, त्यामुळे काही मिनिटं मिळतात, नीट बंद करायला पुरेशी. आरटीएक्सवाला पीसी असता तर मोठा यूपीएस लागला असता.

नॅट टाइप २. छान.

२० डिसेंबर, शनिवार

चौघं पहिल्यांदा एकत्र.

वेगवेगळ्या मशीनवरचे मित्र गेमच्या आतल्या फ्रेंड कोडने जोडायचे असतात, ते आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवले होते. बोलायला डिस्कॉर्ड. ते पीएस५ वर मार्च २०२३ पासून आहे, अकाउंट जोडून ठेवलं की चौघं एकाच खोलीत. मित्राच्या पीसीवर सगळं लो, रिझोल्यूशन ७२०पी, गर्दी झाली की तीसच्या खाली जातो पण खेळता येतं, आणि लोडिंगला तो शेवटचा असला तरी फार थांबावं लागत नाही.

कनेक्ट कसं झालं ते महत्त्वाचं: मित्राने लॉबी उघडली तर ताई आत येईना. मी लॉबी उघडली आणि तिघांना बोलावलं, सगळे आले. पब्लिक आयपीवाल्यानेच यजमान व्हायचं, हा आमच्यापुरता नियम.

अवघडपणा दहा पातळ्यांचा आहे, आम्ही चौथ्यावर गेलो. टर्मिनिड, म्हणजे किडे. ताई बाणांच्या बटणांवर कोड मारते, पळता पळता, तिच्याकडे रीइन्फोर्सचं काम दिलं. मित्राचे फ्रेम कमी म्हणून त्याला दारूगोळा आणि टरेट. मामेभाऊ सगळ्यात पुढे. मी त्याच्या मागे मशीनगन घेऊन, आणि ताईच्या बॉम्बखाली तोच मामेभाऊ सापडला, तेव्हा ती जे हसली ते मी फोनवर बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मोठं मिशन चाळीस मिनिटांचं असतं, आम्ही साडेबारापर्यंत बसलो.

४ जानेवारी २०२६, रविवार

स्थिती: दर शनिवारी साडेनऊ. सहाव्या पातळीवर पोचलोय, ऑटोमॅटॉन म्हणजे रोबॉट अजून जड जातात कारण ते लांबून मारतात, तिथे माउसवाल्या दोघांवर भिस्त.

ताईने स्टीमच्या विंटर सेलमध्ये मित्रासाठी आणि स्वतःसाठी डीप रॉक घेतला, ते दोघं रविवारी दुपारी खेळतात. मामेभावाने आणि मी पीएस५ वर घ्यायचं ठरवलंय. दोन वेगळ्या खाणी, तरी बोलायला विषय एकच.

पुढची कामं: मामेभावाचं कनेक्शन वायफायवरून केबलवर आणणं, मध्येच त्याचा आवाज तुटतो. मार्चअखेर जर्मनीत घड्याळ तासभर पुढे जाईल, तेव्हा ताईचे सहा वाजतील, तिला चालणार आहे का विचारायचं. मित्राच्या पीसीचा पंखा साफ करून घ्यायला सांगितलंय, एप्रिलच्या आत.